तारकशी: मोर नंतर, आधी रेघ

पहिल्याच तुकड्यावर मोर काढायला घेतलास, तिथेच गाडं अडलं. उत्तर प्रदेशातल्या मैनपुरीची तारकशी, म्हणजे लाकडात पितळेची तार ठोकून केलेली नक्षी, पाहिली की हात शिवशिवतातच, माझेही शिवशिवले होते. पण आधी नुसत्या सरळ रेघा ठोक. कंटाळा आला तरी.

तिकडचे कारागीर शिसम वापरतात. तूही तेच घे, मात्र पूर्ण वाळलेलं. माझी पहिली डबी ओलसर लाकडाची होती. उन्हाळ्यात लाकूड आकसलं आणि तारेची अर्धी वेल खाचेतून वर आली!

गोल तार नको, पितळेची पातळ चपटी पट्टी हवी. ती आधी तापवून गार होऊ दे, म्हणजे नरम पडते आणि वळणावर मोडत नाही. खाच पट्टीच्या जाडीपेक्षा किंचित अरुंद पाड. पट्टी कडेवर उभी धर आणि हलक्या हातोडीने टुकटुक करत बसव. सैल खाच डिंकाने भरून काढायचा मोह होतो, पण पकड लाकडाचीच हवी. पट्टी केसभर वर राहिली तर उत्तम, नंतर कानशीने घासून सपाट करता येते. पितळेचा कीस मात्र लगेच झटक, नाहीतर लाकडाच्या रेषांत जाऊन बसतो.

बारीक तारेची वेटोळी करून ठोकतात त्या बुंदक्या? त्यांना अजून वेळ आहे.