चिपळूणजवळच्या गावात गॉज-बँडेजचं छोटं युनिट टाकायचंय, सरकारच्या पीएलआय (उत्पादनाशी जोडलेलं प्रोत्साहन) योजनेतून मदत मिळेल का?

पीएलआयमधून नाही, पण पीएमईजीपीमधून (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, नव्या लघुउद्योगाला बँक कर्जासोबत अनुदान देणारी योजना) मिळू शकते. वैद्यकीय उपकरणांची 2020 ची पीएलआय योजना (3,420 कोटींची) एमआरआय, सीटी स्कॅन, इम्प्लांट अशा मालाच्या मोठ्या उत्पादकांसाठी होती. बँडेजवाल्याने तिच्या नादी लागण्यात अर्थ नाही. पीएमईजीपीत उत्पादन प्रकल्प 50 लाखांपर्यंत धरतात. ग्रामीण भागात अनुदान 25 टक्के. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी वगैरेंना 35 टक्के. स्वतःचे अनुक्रमे 10 आणि 5 टक्के घालावे लागतात. जागेची किंमत प्रकल्पखर्चात धरत नाहीत, हे हिशेब करताना लक्षात ठेवा. शिवाय अनुदान हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून पडून राहतं. चालू धंद्याला पहिलं कर्ज या योजनेतून मिळत नाही, म्हणून यंत्रं आधीच घेऊन बसू नका. अर्ज ऑनलाइन करा, पण त्याआधी रत्नागिरीच्या जिल्हा उद्योग केंद्रात एक फेरी मारा.

मेख एकच: माल निर्जंतुक करून विकणार असाल तर 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार राज्याच्या एफडीएचा (अन्न व औषध प्रशासन) उत्पादन परवाना लागतो. त्याला लागणारी खोली आणि तपासणीचा खर्च प्रकल्प अहवालात आधीच घाला.