उंच पर्वतांवरची कुरणं हवामानबदलामुळे अस्थिर होतात, म्हणजे नेमकं काय होतं?

तुम्ही विचारलंय की, तापमान वाढलं की तिबेटसारख्या उंच भागातल्या कुरणांची 'स्थिरता' कमी होते असं वाचलं, पण गवत तर तिथे दरवर्षी उगवतंच. मग अस्थिर झालं ते काय?

मी आर्वी तालुक्यातला. घरी आजोबांपासून गवळाऊ गाई आहेत आणि मी वनस्पतीशास्त्र शिकवतो. तिबेटचं पठार मी पाहिलेलं नाही, पण तिथलं संशोधन बरीच वर्षं वाचतो आहे, कारण आमच्या ई-क्लासच्या पडितात, म्हणजे गावच्या सरकारी चराऊ जमिनीत, ढोरं चारणाऱ्यालाही हाच प्रश्न पडतो.

स्थिरता म्हणजे गवत आहे की नाही, हे नव्हे. पाऊसपाणी, थंडी वरखाली झाली तरी दरवर्षी साधारण तेवढाच चारा मिळतो, की एका साली रेलचेल आणि दुसऱ्या साली काहीच नाही, हे पाहायचं असतं.

ही स्थिरता कशाने साधते ते वावरात बघा. आजोबांच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, तुरीची तासं असायची, ज्वारीत मूग, बरबटी. ऐन भरात पावसाने दडी मारली की मूग जायचा, पण तुरीची मुळं खोल. ती तग धरायची आणि परतीच्या पावसावर पुन्हा उभी राहायची. घर रिकामं राहत नव्हतं. आता गावभर सोयाबीन आहे. कापणीच्या तोंडावर झड लागली की सगळ्या गावाचं एकाच आठवड्यात जातं.

कुरणातही असंच असतं. तिबेटच्या पठाराच्या ईशान्य भागात, चिंगहाई प्रांतात, हायबेई नावाचं संशोधन केंद्र आहे, सुमारे ३२०० मीटर उंचीवर. तिथल्या कुरणाच्या तुकड्यांवर इन्फ्रारेड हीटर लावून जमीन तापवली, काही तुकड्यांवर पाऊस अडवला, काहींना जास्तीचं पाणी दिलं. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पावसातल्या बदलाने स्थिरतेत फारसा फरक पडला नाही. तापवल्याने मात्र ती घटली. आणि कारण 'जाती कमी झाल्या' हे नव्हतं. एरवी एक जात मागे पडली की दुसरी पुढे यायची, ती अदलाबदल ढिली पडली. जाती एकदमच वाढू आणि एकदमच घटू लागल्या. जैवविविधता म्हटलं की आपण फक्त जाती मोजतो. माझ्या मते या प्रयोगाचं मोल हेच की मोजदाद शाबूत असूनही कुरण आतून कमकुवत होऊ शकतं, हे त्याने दाखवलं.

आता गंमत अशी की २०१८ मध्ये त्याच हायबेईहून दुसरा अभ्यास आला. ३२ वर्षांच्या नोंदी आणि जोडीला प्रयोग. तो म्हणतो, तापमान वाढलं, जमीन कोरडी होत गेली, तरी जमिनीवरचं एकूण उत्पादन टिकून राहिलं! विद्यार्थी मला विचारतात, सर, यातलं खरं कोणतं? दोन्ही खरं आहे. एक प्रयोग थोड्या वर्षांतले हेलकावे मोजतो, दुसरा दशकांचा कल पाहतो. आणि दुसऱ्याने उत्पादन टिकलं असं म्हणताना ते कशाच्या जोरावर टिकलं तेही सांगितलं आहे. तिथे उथळ मुळांच्या, आपल्या लव्हाळ्याच्या कुळातल्या वनस्पती आणि रुंद पानांची फुलझाडं कमी झाली, आणि खोल मुळांची गवतं वाढली. मुळं खाली गेली, खालची ओल मिळाली, भाऱ्याचं वजन राहिलं. भाऱ्यातला माल बदलला.

मला काळजी वाटते ती या बदललेल्या मालाची. लव्हाळ्याच्या कुळातली कोब्रेसिया तिथे मुळांची इतकी घट्ट गादी विणते की माती जागची हलत नाही, आणि याक-मेंढ्या त्यावरच चरतात. हीच वनस्पती हटत गेली तर वजनकाट्यावर काही दिसणार नाही, पण ते कुरण पूर्वीचं नसेल.

युरोपात वेगळंच चित्र आहे. तिथल्या ३०२ शिखरांच्या जुन्या-नव्या नोंदी ताडून पाहिल्या, तर शिखरांवरच्या जाती वाढताहेत, आणि १९५७ ते १९६६ या दशकाच्या मानाने २००७ ते २०१६ मध्ये ही वाढ पाचपट होती. खालची झाडं ऊब मिळाल्यामुळे वर चढत आहेत. वाचायला बरं वाटतं. पण जी आधीच माथ्यावर आहेत त्यांना चढायला आणखी वर जागाच नाही.

आमच्या पडिताचं म्हणाल, तर तिथे पर्वताची थंडी नाही, आणि जे बिघडलं त्यात हवामानापेक्षा बेसुमार चराईचा वाटा मोठा आहे असं माझं मत आहे. पण भाऱ्यातला माल बदलणं तिथेही डोळ्यांनी दिसतं. लहानपणी पवन्या आणि मारवेल गवत कमरेएवढं असायचं. कुसळी गवताला कुसळं यायच्या आत कापायची घाई व्हायची. आता श्रावणात ते पडीत लांबून पूर्वीइतकंच हिरवंगार दिसतं, पण जवळ गेलं की सगळा तरोटा, म्हणजे टाकळा. कोवळा असतो तेव्हा आपण त्याची भाजी करतो. वाढला की ढोर त्याला तोंड लावत नाही. दिवसभर त्या हिरव्यात फिरून गाय संध्याकाळी गोठ्यात येते, तेव्हा तिचं पोट खपाटीला गेलेलं असतं.