'मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे' असा फोन आला तर खरा मानायचा का?

नाही. सरळ फोन ठेवा. तुम्ही मदत मागितलेली नसताना मायक्रोसॉफ्ट स्वतःहून कुणाला असा फोन करत नाही.

या भामट्यांची एक ठरलेली युक्ती आहे, ती घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच दाखवून ठेवा. ते विंडोजमधलं 'इव्हेंट व्ह्यूअर', म्हणजे कॉम्प्युटरमधल्या घडामोडींची नोंदवही, उघडायला लावतात. तिथे लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दिसते आणि माणूस घाबरतो. पण अशा नोंदी अगदी धडधाकट कॉम्प्युटरमध्येही असतात! मग एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर, म्हणजे दुरून कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर, टाकायला सांगतात. ही सॉफ्टवेअर खरीच आहेत, पण तुम्ही कोड सांगून परवानगी दिलीत की माउस त्यांच्या हातात गेला. त्यानंतर बँकेचं पान उघडलंत तर तेही त्यांना दिसतं.

कधी ब्राउझरमध्ये पडदाभर इशारा येतो, भोंगा वाजतो, खाली नंबर असतो. विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून (चालू प्रोग्रॅमच्या यादीतून) ब्राउझर बंद करा.

ताबा आधीच दिला असेल तर प्रथम इंटरनेट तोडा, ते सॉफ्टवेअर काढून टाका आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. पैसे गेले असतील तर बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला त्याच क्षणी कळवा. कृपा करून लाजेपोटी थांबू नका; रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवली गेली तरच ती परत मिळण्याची आशा जास्त असते.