फेलोशिपमध्ये, म्हणजे आपल्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या प्रार्थनागटात, नवीन आलेल्या धाकट्यास

जय ख्रिस्त! शुक्रवारी तू अगदी दाराजवळ बसला होतास, मीही पहिल्या वर्षी तिथंच बसायचो.

मोठ्यानं प्रार्थना करायची घाई नको. पुण्यात बरेच जण इंग्रजीत प्रार्थना करतात, म्हणून बुजू नकोस. आजी घरी करते तशी मराठीत दोन वाक्यं कर. रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं येत असतील तर सुरू कर. १९१९ साली गेलेल्या या कवीच्या चाली गिटारवाल्यांना आधी जमत नाहीत, मग तेच पुन्हा मागतात.

बायबल वाचनाला मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरुवात कर. सोळाच अध्याय, रोज एक घेतलास तर सोळा दिवसांत होतात.

एक मात्र सांभाळ. कुणी प्रार्थनेसाठी घरातलं दुखणं सांगितलं, तर ते मेसच्या टेबलावर न्यायचं नाही. माझ्याकडून एकदा तसं झालं. तो मित्र पुन्हा सभेला आलाच नाही. माफी मागितली, पण उशिरा.

रविवारची मंडळी, म्हणजे चर्चला जाणं, सोडू नकोस. आपण सगळे विशीतले. बाळाचा बाप्तिस्मा, म्हाताऱ्याचं अंत्यविधी-गीत इथं दिसत नाही.

सबमिशनच्या आठवड्यात नाही आलास तरी चालेल. फक्त कळव, चहा कमी टाकू.