डिजिटल निसर्गचित्र सपाट का दिसते?

प्रश्न : मी टॅब्लेटवर निसर्गचित्रे काढतो. डोंगर, झाडे नीट रेखाटूनही चित्रात खोली येत नाही. काय करावे?

उत्तर : बहुधा आपण थेट रंगांपासून सुरुवात करत असाल. त्याआधी केवळ राखाडी छटांची दोन-तीन छोटी कच्ची चित्रे काढावीत आणि उजेड कोणत्या बाजूने येतो, ते तिथेच ठरवावे. खोलीचा प्रश्न खरे तर याच टप्प्यावर सुटतो. मग आकाश, दूरचे डोंगर, मधली झाडी आणि पुढची जमीन यांना स्वतंत्र लेअर (एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर) द्यावेत. हवा प्रकाश विखुरते, त्यामुळे दिवसाच्या उजेडात डोंगर जितका दूर, तितका तो फिका आणि निळसर दिसतो. म्हणून सर्वांत गडद छटा आणि धारदार कडा पुढच्या जमिनीसाठीच राखून ठेवाव्यात. दूरच्या डोंगरावर एकेक झाड रंगवण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण तेवढ्यानेही डोंगर पुढे सरकल्यासारखा वाटतो. अधूनमधून सर्वांत वर राखाडी रंगाचा लेअर ‘कलर’ मोडमध्ये (लेअर खालच्या चित्रात मिसळण्याचा एक पर्याय) ठेवून पाहावा; त्याने रंग जातात आणि फक्त गडद-फिक्या छटा उरतात. रंग नाहीसे झाल्यावर डोंगर आणि झाडी एकमेकांत मिसळत असतील, तर छटा पुन्हा तपासाव्यात. चित्र छापायचे असल्यास आडव्या ए४ आकारासाठी सुरुवातीलाच ३५०८ बाय २४८० पिक्सेलचा, म्हणजे ३०० डीपीआयचा (दर इंचाला ३०० ठिपके) कॅनव्हास घ्यावा. लहान चित्र मागाहून मोठे केल्यास ते धूसर होते.