लॉगिन होतं, यादी मात्र येत नाही

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. जेकार्डच्या डिझाइनच्या फायली खरेदीदाराच्या एफटीपी (फायली पाठवण्याची पद्धत) सर्व्हरवर चढवाव्या लागतात. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून लॉगिन होतं, पण फायलींची यादी मागणारा 'डीआयआर' हुकूम दिला की सगळं थांबतं. दोष आमच्या इंटरनेटचा की त्यांच्या सर्व्हरचा?
– एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : सर्व्हरच्या उत्तरांत २२०, ३३१ आणि २३० हे आकडे ओळीने दिसले असतील तर नाव, पासवर्ड आणि २१ नंबरचं पोर्ट (कनेक्शनचं दार) ठीक आहे, तिकडे पुन्हा शोधू नका. एफटीपीत दोन कनेक्शन असतात. एकावरून हुकूम जातात, दुसऱ्यावरून यादी आणि फायली. तुमचं अडतंय ते दुसऱ्यावर.

विंडोजचा जुना एफटीपी प्रोग्राम फक्त ॲक्टिव्ह पद्धतीने चालतो. तो सर्व्हरला आपला पत्ता कळवतो आणि सर्व्हरने उलट तुमच्याकडे यायचं असतं. पण राऊटरच्या आडचा संगणक बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा आतला पत्ता कळवतो. बाहेरून तिथे कोण पोचणार? काही राऊटर तो पत्ता वाटेत बदलून देतात, तरी पुढे फायरवॉल अडवू शकते. पॅसिव्ह पद्धतीसाठी, म्हणजे दुसरं कनेक्शनही तुमच्याच संगणकाने सर्व्हरकडे जोडावं म्हणून, 'लिटरल पीएएसव्ही' लिहिण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो हुकूम सर्व्हरपर्यंत जातो, पण प्रोग्राम स्वतः पद्धत बदलत नाही, त्यामुळे उपयोग शून्य.

त्याऐवजी कर्ल (curl) हा प्रोग्राम कमांड प्रॉम्प्टमधूनच वापरा. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून ते सोबतच येतं आणि पॅसिव्ह पद्धतीने चालतं. 'कर्ल'पुढे डॅश व्ही, मग डॅश यू आणि तुमचं युजरनेम, शेवटी सर्व्हरचा एफटीपी पत्ता. पत्त्याच्या शेवटची तिरकी रेघ विसरू नका, नाहीतर ते फोल्डरऐवजी फाइल मागेल. पासवर्ड ते स्वतः विचारतं.

यादी आली तर प्रश्न मिटला. नाही आली, तर सर्व्हरच्या उत्तरांत २२९ किंवा २२७ ची ओळ बघा; दुसऱ्या कनेक्शनचं पोर्ट तीच सांगते. २२९ मध्ये पोर्टचा आकडा सरळ असतो. २२७ मध्ये सहा आकडे असतात. पाचव्याला २५६ ने गुणून सहावा मिळवायचा. १९५ आणि ८० असतील तर पोर्ट ५०,०००. इथेच गाडी अडली, तर सर्व्हर सांभाळणाऱ्याला तो आकडा कळवा आणि विचारा, 'पॅसिव्ह पोर्टांची पट्टी फायरवॉलमध्ये उघडी आहे का?' ते पोर्ट नंतर वेगळं तपासू नका. ते तेवढ्या वेळेपुरतंच उघडतं, म्हणून नंतरचा नकार काहीच सिद्ध करत नाही.

प्रश्न : एफटीपीने फाइल जाते, २२६ (काम पूर्ण झाल्याचं सर्व्हरचं उत्तर) येतं, पण पलीकडे डिझाइन उघडत नाही.

उत्तर : दोन्हीकडचा आकार बाइटमध्ये ताडून बघा. पलीकडे थोडा कमी भरला, तर फाइल ॲस्की, म्हणजे साध्या मजकुराच्या, पद्धतीने गेली आहे; विंडोजच्या एफटीपीत तीच आधीपासून लागू असते. लिनक्स सर्व्हर ती ओळींचा मजकूर समजून काही बाइट गाळतो. फाइल चढवणाऱ्या 'पुट' हुकमाच्या आधी 'बायनरी' (बाइट जसेच्या तसे पाठवा) टाइप करा आणि फाइल नव्याने चढवा. चढवलेली बिघडलेली प्रत दुरुस्त होत नाही.