उपाशीपोटी साखर १०५ आली, आता मधुमेहाची गोळी बंद करावी का?

आपण इंदूरहून विचारले आहे की, सासऱ्यांची उपाशीपोटीची साखर १०५ आल्यामुळे त्यांनी गोळी सोडली, हे योग्य आहे का. योग्य नाही. हा आकडा गोळी चालू असतानाचा आहे. त्यातून औषध लागू पडल्याचे कळते, आजार गेल्याचे नव्हे.

शिवाय ही तपासणी त्या सकाळपुरतेच सांगते, आणि आदले दोन दिवस पोह्यांसोबतची जिलबी टाळली (आपल्या इंदुरात हे सोपे नाही, हे मान्य) तरी ती सुधारू शकते. याउलट एचबीए१सी तपासणीत तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजली जाते, आणि त्या पेशी सुमारे १२० दिवस जगत असल्याने मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब तीत उतरतो. ती करून घ्यावी. वजन बरेच उतरल्यावर काहींची गोळी खरोखरच सुटते, परंतु तो निर्णय डॉक्टरांचा.

गोळी सोडल्यावर लगेच काही दुखत नाही, ही खरी अडचण आहे; डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंडे मुकाट्याने बिघडत राहतात. सासऱ्यांचे तळपायही रोज पाहावेत. चपलेच्या अंगठ्याने घासून जखम झाली आणि ती त्यांना जाणवलीच नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.